त्या एका पावलाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

निकॉनच्या ८५ मिमी एफ १.८ जी या व्यक्तिचित्रांसाठीच्या लेन्सवरील (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकी चौकट अरुंद) माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. आपल्या मते या लेन्समध्ये उजळ कडांना जांभळी झाक येते, क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चौकट आणखी अरुंद होऊन ती घरातल्या खोलीत निरुपयोगी ठरते, तिच्यात कंपनरोधक यंत्रणा नाही आणि मी फिल्टरचा आकडा चुकीचा दिला आहे. शेवटी आपण लिहिता : ‘५० मिमी लावून एक पाऊल पुढे टाकले की हाच फोटो मिळतो, बाकी सगळी मिरवायची हौस.’

फिल्टरचे आधी मिटवतो. या लेन्सला ६७ मिमीचा फिल्टर लागतो, मी ६२ लिहिले होते. ६२ मिमीचा फिल्टर १९९४च्या जुन्या डी आवृत्तीचा, आणि २०१२ साली आलेल्या जी आवृत्तीबद्दल लिहिताना तो आकडा माझ्या हातून तसाच राहिला. चूक माझी आहे, ती दाखवल्याबद्दल आभार, आणि लेखात दुरुस्ती केली आहे. जांभळ्या झाकेचा उल्लेख लेखात आहेच. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ २.८ पर्यंत लहान केले (एफचा आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते) की ती बहुतांशी जाते, हेही तिथेच लिहिले आहे. क्रॉप सेन्सर हा त्या लेखाचा विषय नव्हता. कंपनरोधक यंत्रणा कॅमेऱ्याचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे. माणसासाठी शटर १/२०० सेकंदावर न्यावेच लागते, आणि त्या वेगाला तिचा अभाव मला कधी जाणवला नाही.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. मतभेदाचे मला काही वाटत नाही, परंतु ‘मिरवायची हौस’ हे शब्द आपण कोणत्या आधारावर वापरलेत? आपली माझी ओळख नाही, मी काढलेला एकही फोटो आपण पाहिल्याचे प्रतिक्रियेत दिसत नाही, आणि तरीही माझ्या हेतूवर आपण निकाल देऊन मोकळे झालात. लेन्सबद्दल लिहा, हवे तितके कठोर लिहा. माणसाची नियत काढायची असेल तर आधी त्याचे काम पाहण्याचे कष्ट घ्यावेत, एवढी अपेक्षा गैर नसावी.

आपण म्हणता ते एक पाऊल मी मोजून पाहिले आहे. फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमी सेन्सरचा कॅमेरा उभा धरून ८५ मिमीने दीड मीटरवरून फोटो काढला, तर चौकटीत वरपासून खालपर्यंत साधारण ६३ सेंटीमीटर मावतात, म्हणजे डोके, खांदे आणि छातीचा वरचा भाग. हीच चौकट ५० मिमीने मिळवायची तर ८८ सेंटीमीटरवर यावे लागते. अंतर ६२ सेंटीमीटरने घटते, म्हणजे खरोखरच एक पाऊल. इथवर आपण बरोबर आहात. स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे अंतर रेखीव दिसते ते, तीसुद्धा एफ १.८ ला दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, सव्वातीन सेंटीमीटरच्या आसपास येते.

परंतु त्या पावलात चेहरा बदलतो. माणसाच्या नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटीमीटर मागे असतो. दीड मीटरवरून पाहताना नाक १५० सेंटीमीटरवर आणि कान १६२ वर, म्हणून नाक कानाच्या मानाने ८ टक्के मोठ्या प्रमाणात उमटते. ८८ सेंटीमीटरवरून कान १०० वर जातो आणि हा फरक साडेतेरा टक्क्यांच्या वर पोहोचतो. हातात मोबाइल धरून ४० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत तो ३० टक्के होतो, म्हणून त्या फोटोत नाक पुढे येते आणि कान गालांमागे सरकतात. हे सारे अंतराचे काम आहे, काचेचे नव्हे, आणि ते मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले होते. लेन्सचे काम एवढेच की दीड मीटरवर उभे राहूनही चौकट चेहऱ्याने भरते. तुम्ही पाऊल पुढे टाकता तेव्हा नेमके तेच अंतर मोडता ज्यासाठी ही लेन्स घ्यायची असते.

पार्श्वभूमीचे गणितही वेगळे येते. माणसाच्या चार मीटर मागे भिंत असेल, तर ८५ मिमीच्या उभ्या चौकटीत तिचा साधारण १.५५ मीटर रुंदीचा पट्टा येतो आणि ५० मिमीच्या चौकटीत २.३४ मीटरचा. त्या जास्तीच्या रुंदीत खिडकी येते, कॅलेंडर येते, स्विचबोर्ड येतो. शिवाय एफ १.८ ला ८५ मिमीचे प्रवेशद्वार, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, ४७ मिमीचे आणि ५० मिमीचे २८ मिमीचे असते, त्यामुळे स्पष्टतेची खोली सारखी असूनही मागचा धूसरपणा ८५ मिमीत कितीतरी दाट येतो.

हे आकडे मी कुठून उचललेले नाहीत. सांगलीत माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. शहाबादी फरशीवर ग्राहकाच्या खुर्चीपासून सहा फुटांवर त्यांनी तेलरंगाची लाल रेघ ओढली होती आणि कॅमेरा त्या रेघेच्या पुढे न्यायचा नाही असा दंडक होता. कॅमेऱ्यावर निक्कॉर १०५ मिमी एफ २.५ असे. ही लेन्स निकॉनने १९५४ साली रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी (ज्यांत लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहतात) काढली आणि १९५९ मध्ये एफ माउंटवर, म्हणजे आपल्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या जोडणीवर आणली. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला तो याच १०५ मिमीच्या लेन्सने. १९८८ च्या उन्हाळ्यात आमची लेन्स आठवडाभर दुरुस्तीला गेली होती. वडील बाहेरगावी होते. एक मुलगी आईबरोबर स्थळासाठी फोटो काढायला आली. मी ५० मिमी लावली, चौकट भरेना म्हणून रेघ ओलांडून पुढे गेलो आणि बारा फोटो काढले. प्रिंट पाहून आई म्हणाली, ‘ही आमची पोर नव्हे.’ मुलगी काही बोलली नाही, ती फोटोकडे बघत राहिली. वडिलांनी परत आल्यावर पैसे न घेता फोटो पुन्हा काढून दिले. मला ते रागावले नाहीत, फक्त रेघेवर नवा रंग दिला. त्या मुलीचा चेहरा मी विसरलेलो नाही, आणि तुम्ही मला एका पावलाने काही बिघडत नाही असे सांगता.

आपण फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा दाखला देता, की त्यांनी आयुष्यभर ५० मिमीवर काम केले. त्यांनी बहुतेक काम ५० मिमीवर केले हे खरे आहे. पण त्यांची व्यक्तिचित्रे आठवून पाहा. १९६१ साली पॅरिसमध्ये डोक्यावर कोट ओढून पावसात रस्ता ओलांडणारे शिल्पकार जाकोमेत्ती, किंवा कबुतरांसह बसलेले चित्रकार मातिस. त्यांत माणूस आपल्या जागेसकट आहे आणि छायाचित्रकार लांब उभा आहे. ५० मिमी घेऊन नाकाशी जाण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.

अंतराची आणखी एक बाजू आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन वर्षांपूर्वी मिरजेत एका तंबोरा करणाऱ्या वृद्ध कारागिराचे फोटो काढले. ते जवारी लावत होते : तारा जिच्यावरून जातात ती घोडी कानशीने अगदी थोडी घासायची, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचे, पुन्हा घासायचे. मी दीड मीटरवर बसलो होतो. पाचएक मिनिटांनी ते मला विसरले आणि ऐकताना त्यांच्या कपाळाच्या शिरा जशा सैल होत तशा मला टिपता आल्या. ८८ सेंटीमीटरवर मी भोपळ्यावरच वाकलो असतो, त्यांच्या हातावर माझी सावली पडली असती आणि ते मान वर करून थांबले असते. असा फोटो तुम्ही पाऊल पुढे टाकून मिळवला असेल तर दाखवा, मी मनापासून पाहीन.

एक विनंती आहे. घरातल्या कुणाला खिडकीशी बसवा. ५० मिमीने ८८ सेंटीमीटरवरून आणि मित्राकडून ८५ मिमी आणून दीड मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवून, एकेक फोटो काढा. डोके दोन्हींत सारख्या आकाराचे येईल याची खात्री करा आणि मग दोन्ही फोटोंत कान किती दिसतात ते मोजा. आकडे आले की जरूर लिहा. माझ्या हौसेचा उल्लेख त्यात नसेल तर सविस्तर उत्तर देईन.