‘लूका’ म्हणजे प्रकाश? तसं नाही

बाळाच्या नावांच्या याद्यांमधून सध्या एक ओळ फिरते आहे: ‘लूका, इटालियन मुलाचं नाव, अर्थ प्रकाश देणारा.’ ऐकायला गोड, पण व्युत्पत्ती चुकीची.

प्रकाशाला लॅटिनमध्ये ‘लुक्स’ म्हणतात. त्यावरून आलेली नावं वेगळी: लूचो, लुचानो, आणि मुलींमध्ये लुचिया. सेंट लुचियाचा सण १३ डिसेंबरला असतो. लूकाचं घराणं दुसरंच. ग्रीक ‘लूकास’, लॅटिन ‘लूकास’, तिथून इटालियन ‘लूका’. हे ‘लुकानुस’चं, म्हणजे लुकानियाच्या माणसाचं, आखूड रूप मानलं जातं, सिल्वानुसचं सिलास होतं तसंच. थोडक्यात, आपल्या नागपूरकर-सातारकरांच्या पंगतीतलं नाव. लुकानिया म्हणजे दक्षिण इटलीतला आजचा बाझिलिकाता आणि आसपासचा मुलूख. १९३२ ते १९४७ या काळात त्या प्रांताचं सरकारी नावच लुकानिया होतं, आणि तिथले लोक आजही स्वतःला ‘लुकानी’ म्हणवतात. आता ‘लुकानिया’ हा शब्द कुठून आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी लांडग्याकडे बोट दाखवतं, कोणी वनराईकडे.

नाव पसरलं ते शुभवर्तमानकार संत लूकामुळे. मराठी बायबलमधला ‘लूक’ तो हाच. परंपरेनुसार वैद्य, सण १८ ऑक्टोबर. १४९४ साली दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत छापून मांडणारा लूका पाचोलीही याच नावाचा.

आणि हो, शेवटी ‘आ’ आहे म्हणून हे मुलीचं नाव ठरत नाही. आंद्रेआ आणि निकोला हीसुद्धा इटलीत पुरुषांचीच जुनी नावं.