म्सिंगाचे लोक शेती करत नाहीत, हे कोणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ आणि त्याखालचा लांबलचक मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. विषय होता दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातली म्सिंगा नगरपालिका. (तिकडे नगरपालिकेत आपल्या तालुक्याएवढा ग्रामीण मुलूखही येतो. म्सिंगा जवळपास 2,500 चौरस किलोमीटर आहे आणि भाषा झुलू.) मजकुराचं म्हणणं असं: नदी दारात असून जमीन पडीक, कारण लोक आळशी. जमीन सगळी झुलू राजाच्या खाजगी मालकीची. सरकार फुकट पैसे वाटतं म्हणून कोणी काम करत नाही. आणि औषधं अर्धवट सोडून याच लोकांनी जगाला बरा न होणारा टीबी दिला.

माझी भाची त्याच प्रांतातल्या डर्बन शहरात शिकायला निघाली आहे. हे वाचून तिच्या आईने तिला झुलू लोकांपासून लांब राहायला बजावलं. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

आधी आळशीपणाचं. व्हिडिओत तपकिरी डोंगरउतार आहेत. म्सिंगात पाऊस ऑक्टोबर ते मार्च पडतो आणि जून-जुलैत कोरडी थंडी असते. मका काढून झाला की शेतं गुरांना चरायला मोकळी होतात. त्या दिवसांत कॅमेरा फिरवला तर सगळं पडीकच दिसणार. तुगेला नदी दारात आहे म्हणावं तर ती खोल दरीतून वाहते. घरं आणि जिरायत शेतं तिच्या कितीतरी वर, दगडी, काटेरी उतारांवर आहेत. तिथवर पाणी चढवायचं तर पंप, पाइप आणि डिझेल किंवा वीज लागते. पेरणीनंतर दोन-तीन आठवडे पावसाने ओढ दिली की बियाणं आणि ट्रॅक्टरचं भाडं दोन्ही जातं. कुंपण नसेल तर उरलेलं शेळ्या खातात. दरवर्षी हा जुगार न खेळणारा माणूस आळशी नसतो, तो हिशेब करतो.

आणि नदीकाठी जिथे सपाट जमीन आहे, तिथे तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बागायत चालू आहे. तुगेला फेरी या गावाजवळची सिंचन योजना 800 हेक्टरहून मोठी आहे. ती सात ब्लॉकमध्ये विभागलेली आहे आणि एकेक वाफा 0.1 हेक्टरचा, म्हणजे दहाच गुंठ्यांचा. बरेच वाफे बायका कसतात. ओला मका, टोमॅटो, कोबी, रताळी ही तिथली पिकं. बहुतेक पाणी नदीतून कालव्याने उताराने येतं, मग चारीतून सरीत. काही ब्लॉकना कालवा पोहोचत नाही, तिथे पंप लावावा लागतो. पाणी पाळीने मिळतं. पुरानंतर कालव्यात गाळ बसतो, जुन्या काँक्रीटच्या भेगांतून पाणी झिरपतं, वरचे लोक जास्त वेळ दारं धरतात आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या बाईची पाळी कोरडी जाते. ती रात्री पाणी द्यायला उठते, कारण रात्री वर कोणी पाणी घेत नसतं.

माल निघाला की व्यापारी पिकअप गाड्या घेऊन बांधावर येतात. शीतगृह नाही, स्वतःची गाडी नाही. सगळ्यांचा टोमॅटो एकाच पंधरवड्यात पिकला की भाव व्यापारी सांगेल तो. म्हणून जाणत्या बायका लावण पुढेमागे करतात आणि ओल्या मक्यावर भर देतात. वरच्या उतारांवर शेळ्या आहेत. त्या काटेरी झुडपांवर जगतात आणि लग्नकार्याला, पूर्वजांच्या विधींना विकल्या जातात. गोचिडांमुळे होणारा हार्टवॉटर हा रोग त्यांचा मोठा शत्रू. हे सगळं काम नव्हे तर काय आहे?

जमीन इतकी तोकडी का, तेही बघा. 1913 च्या जमीन कायद्याने देशाची सुमारे 7 टक्के जमीन काळ्या लोकांसाठी राखली, बाकीची त्यांना विकत घ्यायलाच बंदी. 1969 पासून शेजारच्या वीनेन भागातल्या गोऱ्यांच्या शेतांवरून हजारो लोकांना हुसकावलं. त्यातले कित्येक म्सिंगात येऊन कोंबले गेले. तुगेलाच्या उगमाकडचं पाणीही 1974 पासून ड्राकेन्सबर्ग पर्वतापलीकडे वाल नदीच्या खोऱ्यात, जोहान्सबर्गकडे वळवलं जातंय. पुरुषही कामासाठी तिकडेच जातात. गावात बायका जास्त दिसतात त्या यामुळे.

राजाच्या मालकीचं थोडक्यात. 1994 मध्ये इंगोन्यामा ट्रस्ट झाला आणि प्रांतातली सुमारे 28 लाख हेक्टर जमीन त्याच्याकडे गेली. राजा तिचा विश्वस्त आहे, आणि कायद्यात लिहिलंय की जमीन तिथल्या समाजांच्या हितासाठी आहे. ट्रस्टने लोकांच्या वहिवाटीच्या परवान्यांऐवजी भाडेपट्टे करायला लावले, ते 2021 मध्ये पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं.

अनुदानाचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य. पुष्कळ घरांत दर महिन्याला नक्की येणारा पैसा तोच. पण तो कोणाला मिळतो? मुलांना, अपंगांना आणि साठीच्या पुढच्या गरिबांना. धडधाकट बेरोजगाराला 2024 मध्ये महिना 370 रँड (तिथलं चलन) मिळत होते आणि एका मुलामागे 530. त्याच वर्षी एका माणसाच्या नुसत्या अन्नासाठी सरकारी सांख्यिकी खात्याने धरलेली किमान रक्कम 796 रँड होती. यात काम सोडून बसणं जमतच नाही. उलट आजीच्या पेन्शनमधून खत आणि नांगरणीचे पैसे निघतात.

राहिला टीबी, आणि यातलं खोटं सगळ्यात घातक आहे. तुगेला फेरीच्या रुग्णालयातला अभ्यास 2006 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. जवळपास सगळ्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे 53 रुग्ण सापडले, त्यातले 52 दगावले. थुंकीचा नमुना घेतल्यापासून निम्मे जण 16 दिवसांच्या आत गेले. ज्यांची तपासणी झाली ते सगळे एचआयव्हीबाधित होते. आता नीट वाचा: निम्म्याहून जास्त रुग्णांनी त्याआधी टीबीचं औषध कधी घेतलेलंच नव्हतं. जे सुरूच केलं नाही ते अर्धवट सोडणार कसं? दोन तृतीयांश लोक नुकतेच रुग्णालयात राहून गेले होते आणि 85 टक्के रुग्णांमधले जंतू जनुकीयदृष्ट्या एकसारखे निघाले. म्हणजे हा प्रतिरोधक टीबी त्यांना दुसऱ्याकडून लागला, आणि बराचसा गर्दीच्या, हवा न खेळणाऱ्या वॉर्डांत. उपाय म्हणून खिडक्या उघड्या ठेवणं, खोकणाऱ्यांना वेगळं बसवणं, मास्क आणि शक्य तिथे घरी उपचार हे पुढे आले. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेने औषधप्रतिरोधक टीबीसाठी कानांना बहिरेपण आणणाऱ्या इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलीनच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. इतर बऱ्याच देशांच्या आधी.