परत फसलो!

या राक्षसाच्या भयपटाच्या पहिल्या भागात श्वास रोखून बसलो होतो, म्हणून दुसऱ्याला गेलो. आणि पाचव्या मिनिटाला राक्षस समोर हजर! लख्ख उजेडात, दातांसकट. अरे, मग उरलेले दीड तास घाबरायचं कशाला?

१९७५ च्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. नाइलाजाने दिग्दर्शक स्पीलबर्गने तो कमीच दाखवला. नुसतं पाणी, त्यावर तरंगणारी, शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं आणि ते दोन सुरांचं संगीत. तेवढ्यावर प्रेक्षक गारठले. आता काहीच बिघडत नाही, हीच तर रड आहे! संगणकावर हवे तेवढे राक्षस निघतात, मग करा एकाचे चाळीस.

बरं, संख्या वाढवूनही जमतं. 'एलियन'च्या दुसऱ्या भागात, १९८६ च्या 'एलियन्स'मध्ये जमलंच की, पण दिग्दर्शक कॅमेरॉनने भयपटाची सरळ युद्धकथा करून टाकली होती. इथे तीच गोष्ट, तेच दाराआडून भॉक, वर राक्षस कुठून आला याचं लांबलचक स्पष्टीकरण. कोणी विचारलं होतं?

आणि शेवटी ते अंडं. हललेलं. म्हणजे तिसरा येणार. (मी जाणार, तो भाग वेगळा.)