फणसाचा चीक आणि शून्य विश्वास

मालवणजवळच्या आमच्या वाडीत बसून मी शहरातल्या एका कार्यालयाचे हिशेब पाहतो, आणि ते कार्यालय माझ्यावर काडीचाही विश्वास ठेवत नाही. ही माझी तक्रार नव्हे, त्यांचे लेखी धोरण आहे. जॉन किंडरवाग या विश्लेषकाने २०१० साली मांडलेल्या संगणक-सुरक्षेच्या या कल्पनेला ‘झीरो ट्रस्ट’ म्हणतात. जुनी पद्धत आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यासारखी होती. तटबंदी भक्कम आणि दरवाजा परक्याला सहज सापडू नये असा आडोशाला, पण एकदा आत शिरलेला माणूस आपलाच. नव्या पद्धतीत आतल्या प्रत्येक दाराशी पुन्हा पहारेकरी उभा असतो आणि तो तुमच्याइतकीच तुमच्या होडीचीही झडती घेतो. माझी होडी म्हणजे लॅपटॉप. त्याने ताजे अपडेट घेतले नसेल, तर मी कितीही सज्जन असलो तरी मला किनाऱ्यावरच थांबावे लागते.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी होडी ठाकठीक होती, खोट माझ्या बोटात होती. सकाळी शेजारच्या काकूंना कापा फणस फोडून दिला होता आणि हाताला खोबरेल लावायला विसरलो होतो, त्यामुळे अंगठ्यावर चिकाचा असा थर बसला की यंत्राला माझा ठसा ओळखता येईना. मग सहा आकडी कोड टाकला, तोही चुकीचा ठरला. हा कोड कोणी पाठवत नाही. फोनमधली गुप्त किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांच्या गणितातून दर ३० सेकंदांनी तो फोनमध्येच तयार होतो. सकाळची एस.टी. चुकू नये म्हणून मी फोनचे घड्याळ गेली कित्येक वर्षे दहा मिनिटे पुढे ठेवतो, त्यामुळे माझे कोड कार्यालयाच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेले नव्हते.

तेवढ्यात, रिवाजाप्रमाणे, वीज गेली. मोबाइलचे इंटरनेट जोडले. घरचे इंटरनेट यंत्रणेला मुंबईचे दिसत होते आणि मोबाइलचे पणजीचे, म्हणजे तिच्या लेखी मी पंधरा मिनिटांत मुंबईहून पणजीला पोहोचलो होतो. मुंबई-गोवा महामार्गाने एकदा जरी प्रवास केलेल्या माणसाला हा संशय रास्तच वाटेल. खाते बंद झाले.

शेवटी तांत्रिक विभागातल्या मुलीने व्हिडिओ कॉलवर ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरायला सांगितले. ओळखपत्रावरचा फोटो माझ्या डोक्यावर केस होते त्या काळातला असल्याने ती बराच वेळ गप्प राहिली. याच वेळी माझ्या वाट्याचे गरे घेऊन काकू आत आल्या आणि माझी अडचण कळताच पडद्यासमोर वाकून म्हणाल्या, “गो बाय, ह्येका मी ल्हानपणापासून वळाखतंय!”

“धन्यवाद,” ती मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, “पण आपण कोण?”

साठ वर्षांत वाडीत हा प्रश्न काकूंना कोणी विचारला नव्हता. त्यांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि गऱ्यांचे ताट उचलून त्या आल्या पावली परत गेल्या.