काढा, घरकाम आणि स्त्रियांचा हृदयविकार

बायकांना हृदयविकार सहसा होतच नाही, झालाच तर आले, लसूण, लिंबू, सफरचंदाचे व्हिनेगर आणि मध यांच्या काढ्याने 'ब्लॉकेज' उघडतात, मग गोळ्या लागत नाहीत, व्यायामाला घरकाम पुरते आणि घरच्यांनी तिला फक्त आराम द्यावा, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो.

पहिल्या विधानात खरे इतकेच की पाळी जाईपर्यंत स्त्रियांना धोका कमी असतो. ५२ देशांतील रुग्णांवरच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सुमारे नऊ वर्षे उशिरा आल्याचे दिसले. म्हणजे तो लांबतो, टळत नाही. छातीत दुखणे त्यांनाही होते, पण जोडीला धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ असली की 'पित्त झाले असेल' म्हणून वेळ दवडला जातो.

काढ्याने धमनीच्या भिंतीतला मेदाचा थर विरघळत नाही. जीवनशैलीची ताकद मात्र खरी आहे, आणि तिची मर्यादाही. डीन ऑर्निश या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९० च्या प्रयोगात अत्यल्प चरबीचा शाकाहार, व्यायाम, ताणनियमन आणि धूम्रपानबंदी वर्षभर पाळल्यावर धमन्यांतला अडथळा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला, आणि त्यातले रुग्णही बहुतेक पुरुषच होते. एवढ्या भांडवलावर गोळ्या सोडणे हा निव्वळ जुगार आहे. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसवल्यानंतर रक्ताची गुठळी रोखणारी गोळी परस्पर बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. नवरात्रात 'उपाशीपोटी कशी घेऊ' म्हणून गोळ्या टाळणाऱ्यांनी उपवासाआधीच डॉक्टरांना विचारावे.

घरकाम अगदीच वाया जात नाही; पण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहून पाय भरून येतात, श्वास वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या आठवड्याच्या किमान १५० मिनिटांत श्वास जरा वाढेल अशी हालचाल अपेक्षित आहे.

सर्वांत फसवे विधान आरामाचे, कारण ते मायेचे वाटते. झटक्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे हळूहळू वाढवायचे असते. 'तू बसून राहा' म्हणण्याने ते राहून जाते. शिवाय बसा म्हणणारे घर स्वयंपाक कोणाकडे ठेवते, हेही पाहावे. तिच्यापुरती अळणी आमटी वेगळी करायची ठरते आणि ती दुसरी आमटीही तीच शिजवते! वास्तविक रोज पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ हा सल्ला सर्वच प्रौढांसाठी आहे, तेव्हा पातेले एकच असावे आणि लोणचे-पापड सगळ्यांच्याच ताटातून कमी व्हावेत. स्टॉकहोममध्ये हृदयरुग्ण स्त्रियांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वैवाहिक जीवनात तीव्र ताण असलेल्यांना पुन्हा हृदयविकाराचा त्रास होण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. नोकरीतल्या ताणाचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून साथ द्यायची तर संध्याकाळच्या पोळ्या दुसऱ्या कोणी लाटाव्यात आणि त्या वेळात तिने चालून यावे.