फॅक्टरीत बसलं तेवढंच अस्सल? मग २४०झेडच्या ए.सी.चं काय करायचं?

जुन्या जपानी स्पोर्ट्‌स गाड्यांचं वेड असलेल्या मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: कारखान्यात बसलं तेवढंच अस्सल. डीलरने बसवलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे भेसळ. खात्री करायची तर गाडीबरोबर आलेला मूळ किमतीचा कागद बघा. त्यावर नसेल ते उपटून काढा, गाडी शुद्ध होईल आणि भावही चढेल.

चार वाक्यं, चारही ठणठणीत. वाचणाऱ्याला वाटतं, सांगणारा स्वतः कारखान्यात उभा होता. यातलं अर्धं वाक्य खरं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो. बाकीचं ज्या गाडीच्या नावाने सर्वात जास्त सांगितलं जातं, तिच्यावरच तपासू: निस्सानने अमेरिकेत ‘डॅटसन’ या नावाने विकलेली २४०झेड.

‘कारखान्यात बसलं तेवढंच अस्सल.’ ही गाडी अमेरिकेत १९७० सालचं मॉडेल म्हणून आली, मूळ किंमत ३,५२६ डॉलर. जपानहून निघताना तिला लोखंडी चाकं होती, त्यांवर हबकॅप. सुरुवातीच्या वर्षांत ए.सी. हवा असेल तर तो डीलर बसवून देई. म्हणजे १९७१ च्या गाडीच्या जाहिरातीत कुणी ‘फॅक्टरी ए.सी.’ असं अभिमानाने लिहिलं असेल, तर चुकतोय तो तो विकणारा. पण त्याच गाडीचा ए.सी. ‘नंतर कुणीतरी घुसवलेला’ म्हणून हिणवणाराही तितकाच चुकतोय. नवी २४०झेड थंड हवेसकट घ्यायची तर दुसरा रस्ताच नव्हता.

असं का होतं, हे त्या सल्ल्यात कुठेच येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकी कंपन्यांच्या, गाडीचं गिऱ्हाईक फॉर्मवर खुणा करू शके आणि त्याप्रमाणे गाडी बनायची. जपानहून येणारी गाडी बहुतेक वेळा गिऱ्हाईक ठरायच्या आधीच जहाजावर चढलेली असे. ती टेक्ससच्या उन्हात जाणार की सिअ‍ॅटलच्या पावसात, हे बनवणाऱ्याला कसं कळणार? मग शहाणपण यातच, की गाड्या शक्य तितक्या एकसारख्या बनवायच्या आणि जी गोष्ट गावागणिक बदलते ती पलीकडच्या किनाऱ्यावर सोडायची: बंदरात नाहीतर शोरूममध्ये. डीलरने वस्तू बसवणं हा मूळ व्यवस्थेचाच भाग होता. त्याला पळवाट म्हणणं म्हणजे ती व्यवस्थाच न समजणं.

त्यात पुन्हा मागणी इतकी, की लोक नंबर लावून थांबलेले. डीलरांनी ही संधी सोडली नाही. दिखाऊ चाकं, दारावरच्या पट्ट्या, मागे सामानाचा रॅक असलं काहीबाही आधीच चढवून ठेवायचं आणि सांगायचं, घ्यायची तर अशीच घ्या. (नवी गाडी घेताना मडफ्लॅप आणि सीट कव्हरं आपल्या बिलात कशी येऊन बसतात, हे आपल्यालाही काही नवीन नाही.) तेव्हा ‘पहिल्या मालकाने हौसेने निवडलं’ असंही दर वेळी म्हणता येत नाही. पण पहिल्या दिवशी गाडी रस्त्यावर आली ती तशीच आली, हे खरंच राहतं.

आणि कारखान्यातून निघालेलं तेवढंच खरं मानायचं, तर नावाचं काय करणार? जपानमध्ये ही गाडी फेअरलेडी झेड. निस्सानच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख युताका कातायामा यांना ते नाव अमेरिकेत चालणार नाही असं वाटलं, आणि पहिल्या गाड्यांवरच्या ‘फेअरलेडी’च्या पाट्या काढून त्यांनी ‘२४०झेड’ लावायला सांगितलं, हा किस्सा झेडवाल्यांना तोंडपाठ असतो. शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्यांनी मग ती पाटीही परत लावावी.

आता किमतीचा कागद. इथे सुतावरून स्वर्ग गाठला जातो. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर किमतीचं स्टिकर लावणं १९५८ च्या कायद्याने बंधनकारक केलं. सिनेटर माइक मनरोनी यांचा तो कायदा, म्हणून त्याला मनरोनी स्टिकर म्हणतात. त्यावर वेगळ्या किमतीची कोणती जादा उपकरणं यायला हवीत, हे कायद्यात स्पष्ट आहे: गाडी डीलरच्या ताब्यात देताना जी तिच्या अंगावर बसवलेली असतील ती. ही ओळ दोनदा वाचावी अशी आहे. ‘कारखान्यात बसवलेली’ असं ती म्हणत नाही, ‘डीलरच्या ताब्यात देताना बसवलेली’ असं म्हणते. म्हणजे जहाजातून उतरल्यावर आयातदाराने अमेरिकेच्या बंदरात चढवलेली वस्तूही स्टिकरवर येऊ शकते. तेव्हा ‘स्टिकरवर आहे म्हणून जपानमध्ये बसली’ हे अनुमान कच्चं आहे. आणि स्टिकर लागल्यावर डीलरने बसवलेली वस्तू तिथे दिसणार कशी? ती असते डीलरच्या स्वतःच्या दुसऱ्या कागदावर किंवा विक्रीच्या बिलावर. म्हणून ‘स्टिकरवर नाही, म्हणजे नंतर कधीतरी बसवली’ हेही टिकत नाही. स्टिकरइतकंच ते बिलही जपून ठेवावं, आणि लोक नेमकं तेच फेकून देतात.

‘डीलरने बसवलेलं म्हणजे भेसळ.’ जपानमध्ये मेकर ऑप्शन आणि डीलर ऑप्शन असे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिला गाडी बनतानाच बसतो, दुसरा विकणारा बसवतो, आणि कंपनीचं माहितीपत्रक दोन्ही छापतं. तेव्हा एका ‘भेसळ’ या शब्दाखाली निदान तीन गोष्टी कोंबल्या जातात: कंपनीचाच भाग डीलरने बसवलेला, बाहेरच्या कंपनीचा भाग डीलरने बसवून नव्या गाडीच्या बिलात लावलेला, आणि दहा वर्षांनी तिसऱ्या मालकाने गॅरेजात ठोकलेला. यातला तिसरा खुशाल काढा. पहिल्या दोघांना त्याच्याबरोबर फासावर देऊ नका.

वेगळं ओळखायचं कसं? डॅशबोर्डखाली डोकं घाला. जपानी कारखान्याच्या, अधिकच्या चिन्हासारखी (+) खाच असलेल्या स्क्रूवर बऱ्याचदा एक बारीक ठिपका कोरलेला असतो. असा स्क्रू जपानी मापाचा, त्याला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावला की तो घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. नटबोल्टांना १० आणि १२ मिलिमीटरचे पाने लागत जातात. मग ए.सी.च्या ब्रॅकेटपाशी मध्येच एक बोल्ट १२ च्या पान्यात शिरत नाही आणि १३ त डुगडुगतो. त्याला अर्ध्या इंचाचा पाना चपखल बसतो आणि बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा उमटवलेल्या दिसतात. हा अमेरिकी बोल्ट. पुढे बॉनेट उघडलं की चौकोनी, अवजड यॉर्क कॉम्प्रेसर दिसतो. त्या काळच्या अमेरिकी ए.सी. संचांत तो सर्रास असे. एवढ्यावरून काम कोणत्या देशात झालं ते कळतं. कधी झालं, हे बोल्ट सांगत नाही. त्यासाठी पुन्हा कागदच लागतो. २४०झेडच्या इंजिनाजवळच्या पाटीवर आणि दाराच्या चौकटीवरच्या पत्र्यावर गाडीचे क्रमांक आणि बनल्याचा महिना मिळतो, जादा उपकरणांची यादी नाही.

‘काढा, म्हणजे शुद्ध होईल.’ ए.सी. काढला की काय उरतं? फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला, पाडलेली भोकं. ती वेल्डिंगने बुजवायची, रंग मारायचा, तो शेजारच्या पन्नास वर्षांच्या रंगाशी जुळणार नाही, मग अख्खा इंजिन बे रंगवायचा. शुद्ध करायला निघालात आणि मूळ रंग घालवून बसलात. माझ्या मते १९७१ च्या बिलासकट असलेला, धड चालतही नसलेला डीलरचा ए.सी. हा कोऱ्या फायरवॉलपेक्षा मोलाचा. जाहिरातीत सरळ लिहावं: ए.सी. डीलरने बसवलेला, बिल सोबत. समजणारा गिऱ्हाईक त्या बिलासाठी दोन पैसे जास्त देईल. न समजणाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही.

आता ते अर्धं खरं वाक्य. काही गाड्या अशा आहेत की तिथे कारखाना हाच सगळा मुद्दा असतो. जपानमधल्या फेअरलेडी झेड ४३२ मध्ये निस्सानच्याच स्कायलाइन जीटी-आर या गाडीचं एस२० इंजिन आहे. सिलिंडरमागे ४ व्हॉल्व्ह, ३ कार्ब्युरेटर, २ कॅमशाफ्ट, म्हणून ४३२. तिचा चेसिस क्रमांक पीएस३० ने सुरू होतो. साध्या झेडमध्ये एस२० बसवणं शक्य आहे आणि लोकांनी ते केलंही आहे, पण त्याने क्रमांक बदलत नाही. १९७१ च्या शेवटी जपानमध्ये आलेल्या २४०झेडजीचंही तेच. पुढचं लांब नाक, चाकांवर रिव्हेटने बसवलेले फेंडर, हे कारखान्याचं काम. तसं नाक नंतर सुटं मिळू लागलं, आणि दोन लिटर इंजिनाच्या कित्येक साध्या झेडना ते लावलं गेलं. अशी गाडी ‘झेडजी’ म्हणून समोर आली की नाकाची तारीफ नंतर करा, आधी फायरवॉलवर कोरलेला क्रमांक वाचा. त्याची सुरुवात एचएस३० ने न होता नुसत्या एस३० ने होत असेल, तर नाक कितीही लांब असो, ती झेडजी नाही.