नायजेरियात माणसं किती, हे कुणी मोजणार का?

परवा एका ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड आला. २०५० पर्यंत नायजेरिया लोकसंख्येत अमेरिकेच्या बरोबरीला येणार, ही माणसं जगाला खाऊन टाकणार, वगैरे. तिथल्या लागोस या सगळ्यात मोठ्या शहरात काही वर्षं राहिलेय, त्यामुळे असं वाचलं की गप्प बसवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मुळात त्या देशात आज माणसं किती, हेच कुणी ठामपणे सांगू शकत नाही. २३ कोटी म्हणतात तो संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. शेवटची जनगणना २००६ च्या मार्चमध्ये झाली. लोकांना घरात थांबायला सांगितलं होतं, बाजार बंद होते, आणि आकडा आला १४ कोटी. त्यानंतर काही नाही. आता हे बघा: तिथल्या लोकांचं मध्यक वय १८ च्या आसपास आहे, निम्मी जनता त्याहून लहान. म्हणजे निम्मा देश जन्माला आल्यापासून एकदाही मोजला गेलेला नाही! २०२३ साली टॅबलेट घेऊन मोजणी करायचं ठरलं, तयारीवर पैसा गेला, आणि ऐन तोंडावर ती पुढे ढकलली. अजून झालेली नाही.

का होत नाही? पैसा, असुरक्षितता ही कारणं आहेतच. पण खरं दुखणं असं की तिथे डोकी म्हणजे थेट तिजोरी. तेलाचा पैसा आधी राजधानी अबुजाला केंद्राच्या खात्यात जमा होतो आणि दर महिन्याला राज्यांना वाटला जातो. राज्यांच्या आपसातल्या वाटणीत ४० टक्के भाग सगळ्यांना सारखा, ३० टक्के लोकसंख्येवर. कनिष्ठ सभागृहाच्या ३६० जागाही लोकसंख्येवरच. अशी व्यवस्था असल्यावर आपली माणसं कमी भरलेली कुठल्या गव्हर्नरला, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाला, चालतील?

हे आजचं नाही. १९६० ला स्वातंत्र्य मिळालं आणि १९६२ च्या पहिल्याच जनगणनेत भांडण पेटलं. सुरुवातीच्या आकड्यांत दक्षिण पुढे गेली. मग ‘फेरतपासणी’ झाली आणि उत्तरेत आणखी ८० लाखांवर माणसं सापडली! ती मोजणी रद्द झाली, १९६३ ला पुन्हा केली, आकडा साडेपाच कोटींच्या पुढे गेला, उत्तरेचं बहुमत कायम राहिलं. १९७३ ची मोजणीसुद्धा रद्द. १९९१ ला मोजले तर जेमतेम ८ कोटी ९० लाख निघाले, आणि तोवर बाहेरच्या संस्था ११-१२ कोटी धरून चालल्या होत्या. १९९१ पासून तर धर्म आणि जमात हे प्रश्नच विचारत नाहीत, कारण विचारले तर मोजणी पार पडायची नाही.

२००६ ला उत्तरेतलं कानो राज्य ९४ लाख आणि दक्षिणेतलं लागोस राज्य ९० लाखांच्या थोडं वर, असा निकाल लागला. लागोस खवळलं. राज्य सरकारने स्वतःची वेगळी मोजणी केली होती, तिचा आकडा पावणेदोन कोटी. माझ्या मते तोही फुगवलेला असणार, मोजणाऱ्यालाच फायदा असेल तर दुसरं काय होणार? २०१३ मध्ये लोकसंख्या आयोगाचे अध्यक्ष फेस्टस ओडिमेग्वू जाहीरपणे म्हणाले की १८१६ पासून या देशात विश्वासार्ह जनगणना झालेलीच नाही. त्याच वर्षी त्यांना पद सोडावं लागलं.

लागोसच्या थर्ड मेनलँड ब्रिजवरून जाताना खाली माकोको ही वस्ती दिसते. खाडीच्या काळ्या पाण्यात खांबांवर उभी लाकडी घरं, वर मासे धुरावणाऱ्या बायकांच्या चुलींचा धूर, चिंचोळ्या होड्यांतून ये-जा. शाळकरी वयाची पोरं होडी वल्हवत सामान विकतात. तिथे किती लोक राहतात? कुणी ८५ हजार म्हणतं, कुणी अडीच लाख. आता त्या वस्तीला लसीचे डोस किती पाठवायचे, शिक्षक किती द्यायचे, सांगा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कोळशावर केळी भाजून विकायची, ते मोठं कच्चं केळं असतं ना, ते. शेंगदाण्यांबरोबर खातात. मी एकदा सहज विचारलं, मुलं किती? ती नुसती हसली. नंतर शेजारणीने सांगितलं, योरुबा लोकांत (ही तिथली एक मोठी जमात) कुणाची मुलं मोजत नाहीत, बरं नसतं. आपल्याकडे दृष्ट लागते म्हणतात तसंच. बऱ्याच दिवसांनी तिने आपणहून सांगितलं की दोन गेली. २०१८ च्या सरकारी आरोग्य पाहणीत आठातलं एक मूल पाच वर्षांचं होण्याआधी दगावत होतं. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना हे दिसत नाही. मुलं जगतील याची खात्री नसलेली आई दोनावर थांबेल, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो?

आणि जननदर घटतोय, हेही कुणी सांगत नाही. २०१८ ला बाईमागे ५.३ मुलं होती, २०२३-२४ च्या पाहणीत ४.८. उत्तरेतल्या कात्सिनात ७.३ आणि लागोसमध्ये ३.४ हा २०१८ चा फरक बघा. देश एकच, सरकार एकच. फरक मुलीच्या शाळेचा, लग्नाच्या वयाचा आणि दवाखान्याच्या अंतराचा आहे. १९८८ च्या सरकारी धोरणात बाईमागे चार मुलं असं लिहून ठेवलं होतं. कागदावर लिहून असं काही होत नसतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. राज्यांना पैसा वाटण्याच्या त्या सूत्रात सामाजिक विकासाला १० टक्के आहेत, लोकसंख्येला ३०. हे उलटं करा. शाळेत टिकलेल्या मुलींवर, जगलेल्या बाळांवर राज्याला पैसे द्या, मग डोकी फुगवण्यात कुणाला रस उरणार नाही आणि मोजणीही खरी होईल. राजकारणी सहज मान्य करणार नाहीत, हे मला कळतं. तरी मागणी हीच असायला हवी.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? आपली २०२१ ची जनगणना २०२७ वर गेली. लोकसभेच्या जागांची राज्यांतली वाटणी १९७१ च्या आकड्यांवर गोठवलेली, आणि ते गोठवणं उठवायचं म्हटलं की आपला वाटा घटेल म्हणून ज्यांनी कुटुंबं लहान ठेवली ती दक्षिणेकडची राज्यं अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता मला रास्त वाटते. महाराष्ट्राचा जननदरही दोनच्या खाली गेलाय, तेव्हा आपल्या राज्यानेही या वादात तोंड उघडायला हवं. आपले खासदार यावर काय म्हणतात, कुणी ऐकलं असेल तर खाली लिहा.